चिकटवलेली ताजी फुलं दागिन्यावरून सुटतात, त्याचं काय करायचं?

डोहाळजेवणाची वाडी, म्हणजे फुलांच्या दागिन्यांचा अख्खा संच, ओटी भरायच्या आतच गळायला लागते. हळदीच्या बांगड्यांतली अर्धी शेवंती पाटाभोवती पडलेली असते. बिंदीचं बटण गुलाब नेमकं फोटोच्या वेळी जागेवर नसतं. ताज्या फुलांचे दागिने करणाऱ्या बहुतेक जणींनी यातलं एक तरी सोसलेलं असतं, आणि दर वेळी राग निघतो तो गोंदावर, म्हणजे ताज्या फुलांसाठी ट्यूबमध्ये मिळणाऱ्या फ्लोरल ॲडहेसिव्हवर. मग दुसरी ट्यूब आणायची, आधीपेक्षा जाड थर द्यायचा, आणि पुढच्या समारंभाला पुन्हा तेच. मीही बरेच दिवस हेच करत होते.

मग माझ्या भाचीचं डोहाळजेवण आलं. मुकुट, कानातले, गळ्यातलं, बाजूबंद, कमरपट्टा अशी सगळी वाडी मी पांढऱ्या शेवंतीची आणि गुलाबी बटण गुलाबांची केली होती. तिला झोपाळ्यावर बसवलं, पहिला झोका दिला आणि कमरपट्ट्यावरची दोन फुलं तिच्या मांडीवर पडली. ती हळूच म्हणाली, "मावशी, मी श्वास घेतला तरी पडतायत गं." पुढचा तास-दीड तास ती अंग चोरून बसली. बायका ओटी भरत होत्या आणि ही हलायला घाबरत होती. जिच्या कौतुकासाठी एवढा थाट, तिलाच अवघडून बसावं लागलं, हे मला फार लागलं.

पडलेली फुलं मी रुमालात गोळा करून घरी आणली आणि रात्री टेबललॅम्पखाली एकेक उलटं करून पाहिलं. एकाही फुलाच्या मागे गोंद नव्हता. सगळा गोंद पट्ट्यावर राहिला होता, टिकल्यांसारख्या गोल चकत्यांत, आणि त्या चकत्या वरून दुधाळ दिसत होत्या. फुलाचं बूड मात्र स्वच्छ. म्हणजे गोंदाने पट्टा घट्ट धरला होता, फुलाला त्याने धरलंच नव्हतं. त्या पहाटे मी फुलं फ्रीजमधून काढून लगेच चिकटवायला बसले होते. त्यांच्यावर दव साचलं होतं आणि गोंद त्या दवाला लागला होता, फुलाला नाही.

पडलेलं फूल उलटं करून बघा

तेव्हापासून माझा पहिला नियम हाच. फूल पडलं की ते टाकून द्यायचं नाही आणि घाईने परत चिकटवायचंही नाही. आधी बघायचं, की गोंद कुठे राहिला.

गोंद पट्ट्यावर आणि फूल कोरडं असेल तर दोन शक्यता. चकती दुधाळ असेल तर पाणी आडवं आलं. चकती पारदर्शक, चकचकीत आणि वरून गुळगुळीत असेल तर गोंद फूल ठेवायच्या आधीच वाळून गेला होता, त्यावर साय धरली होती.

उलट, गोंद फुलासोबत निघून आला आणि पट्टा स्वच्छ राहिला, तर दोष पट्ट्याचा. तो गुळगुळीत होता, तेलकट होता किंवा त्यावर धूळ होती.

दोन्हीकडे गोंद आहे आणि मधे तारा सुटल्यात, तर थर जाड झाला. बाहेरून तो वाळला, आतून ओलाच राहिला. आणि पट्ट्यावर नुसती पाकळी किंवा हिरवा तुकडा अडकून बाकीचं फूल गेलं असेल, तर गोंदाने आपलं काम चोख केलंय. फूल शिळं होतं किंवा गोंद चुकीच्या जागी लागला.

पाचवा प्रकार आपल्याकडे फार दिसतो, कारण वाडीचे आकार आपण पुठ्ठ्याचे कापतो. फुलाच्या मागे पुठ्ठ्याचाच पातळ पापुद्रा निघून आलेला असतो. फुलाच्या ओलाव्याने पुठ्ठा भिजून फुगला आणि त्याचे थर सुटले. इथे गोंद कितीही बदला, काही उपयोग नाही, पुठ्ठाच बदलायला हवा.

पंक्चरवाला काय करतो

फ्लोरल ॲडहेसिव्ह कसा चालतो हे मला फुलवाल्यापेक्षा सायकलच्या दुकानात जास्त नीट कळलं. पंक्चर काढणारा आधी ट्यूब पुसून कोरडी करतो. मग कानशीने घासतो. सोल्युशनचा पातळ हात देतो आणि लगेच पॅच दाबत नाही. थांबतो, चकाकी गेली की दाबतो. आपल्या ट्यूबमधला गोंदही याच जातीचा, रबरासारखा पदार्थ उडून जाणाऱ्या द्रवात विरघळवलेला. तो द्रव उडून गेला की चिकटपणा येतो. नीट धरल्यावर वरून थोडं पाणी शिंपडलं तरी तो सोडत नाही, पण धरायच्या क्षणी पाणी असेल तर तो मुळात धरतच नाही.

म्हणून फुलाच्या बुडाला एक ठिपका आणि पट्ट्यावर एक ठिपका, दोन्हीकडे. डाळीच्या दाण्याएवढा पुरे, टूथपिकने पातळ पसरवायचा. मग थांबायचं. किती सेकंद ते हवेवर आहे, त्यामुळे घड्याळापेक्षा बोट बरं. स्वच्छ बोटाने ठिपक्याला हलकं टेकवा. बोटाला गोंद आला तर अजून थांबा. बोट किंचित ओढलं गेलं आणि गोंद आला नाही, तर तीच वेळ. आता फूल ठेवून सावकाश दहा अंक मोजेपर्यंत दाबून धरा आणि मग हलवू नका. ठेवल्यावर "जरा डावीकडे" म्हणून सरकवलेलं फूल हमखास पडतं.

मी एका वेळी पाच-सहा फुलांना ठिपके देते. सहाव्याला देईपर्यंत पहिलं तयार असतं. एकदम वीस फुलांना लावून ठेवलं तर शेवटच्या दहांवर साय आलेली असते.

मे महिन्यात, विशेषतः विदर्भाकडच्या कोरड्या उन्हात आणि पंख्याखाली, ही साय फार लवकर धरते. तिथे तीनच फुलं हातात घ्या आणि पंखा बंद ठेवा. पावसाळ्यात मुंबईला, कोकणात, गोव्यात उलटा त्रास. द्रव उडून जाताना गोंदाचा पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं, म्हणून फूल कोरडं असूनही चकती दुधाळ होते. एसी चालू असलेली खोली मिळाली तर काम तिथेच करा, कारण तिथली हवा कोरडी असते. नाहीतर थर आणखी पातळ ठेवा आणि दुधाळ झालेला ठिपका टूथपिकने काढून नवा द्या.

ट्यूबमधला गोंद लांब तारा सोडायला लागला की तो म्हातारा झाला. त्यात थिनर किंवा नेलपॉलिश काढायचं पाणी घालून पातळ करू नका, त्याने पाकळ्या करपतात. छोटीच ट्यूब घ्या आणि टोक पुसून टोपण घट्ट लावा.

फुलावरचं पाणी

निम्म्याहून जास्त तक्रारींचं मूळ इथे आहे, म्हणून यावर थोडं जास्त लिहिते.

चिकटवलेल्या फुलाला नंतर पाणी मिळणार नसतं. समारंभाचे चार-पाच तास त्याला पोटात असलेल्या पाण्यावर काढायचे असतात. त्यामुळे फुलं आधी भरपूर पाणी प्यायलेली हवीत आणि चिकटवताना बाहेरून ठणठणीत कोरडी हवीत. पंचाईत अशी की आपण नेमकं उलटं करतो. सकाळी दादरच्या किंवा पुण्याच्या गुलटेकडीच्या बाजारातून फुलं आणतो, ताजी राहावीत म्हणून वरून पाणी मारतो आणि ओल्या फडक्यात गुंडाळतो. पोटात पाणी नाही आणि अंगावर मात्र आहे.

समारंभ सकाळी अकराचा असेल तर मी आदल्या दिवशी सकाळी फुलं आणते. दांडे तिरके छाटून संध्याकाळपर्यंत स्वच्छ पाण्यात ठेवते, वरून एक थेंबही मारत नाही. संध्याकाळी साधारण अर्ध्या इंचाचा देठ ठेवून फुलं कापते आणि वर्तमानपत्रावर तोंड खाली करून अर्धा-पाऊण तास पसरते. कापलेल्या टोकातून थोडा रस येत राहतो, तो थांबू द्यायचा. मग टिश्यूने टोक टिपून चिकटवते. टोकावर गोंद बसला की तिथून पाणी उडून जाणंही कमी होतं, त्यामुळे फूल जास्त वेळ टवटवीत राहतं.

तयार दागिना अर्धा तास उघडा ठेवून मग झाकणाच्या डब्यात, आणि डबा फ्रीजच्या खालच्या भागात. डब्यात ओला टिश्यू ठेवायचा तर कडेला, फुलांना न लागेल असा. त्याच फ्रीजमध्ये केळी, सफरचंद किंवा टोमॅटो असतील तर त्या रात्रीपुरते बाहेर काढा. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू निघतो, त्याने कार्नेशनच्या पाकळ्या आत मिटतात आणि ऑर्किड मान टाकतं. ऑर्किड आणि अँथुरियम ही उष्ण प्रदेशातली फुलं, घरच्या फ्रीजचे चार-पाच अंश त्यांना सोसत नाहीत, पाकळ्यांवर काळपट डाग येतात. ती फुलं घरातल्या सगळ्यात गार खोलीत ठेवा, फ्रीजमध्ये नको.

सकाळी डबा बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका. झाकण लावलेलंच राहू द्या, दव पडेल ते डब्यावर पडेल. डबा हाताला गार लागेनासा झाला की उघडा. एवढ्या एका सवयीने माझी निम्मी गळती थांबली.

फुलं कशी धरायची

गुलाबाच्या पाकळ्यांना गोंद लावू नका. बाहेरच्या दोन-तीन जाड पाकळ्या आधीच काढून टाका, कारण त्या पहिल्या सुटतात. गोंद लावायचा तो पाकळ्यांच्या खालच्या हिरव्या गाठीला. शेवंतीलाही मागच्या हिरव्या बुडालाच. शेवंती बोटांत धरून हलकी झटका, पाकळ्या गळल्या तर ती शिळी आहे, चिकटवायला घेऊच नका. झेंडूचं हिरवं भांडं टिकतं आणि आतला पाकळ्यांचा गुच्छ अख्खा निसटतो. म्हणून भांड्याच्या आत, पाकळ्यांच्या मुळाशी टूथपिकने एक थेंब सोडायचा. निशिगंधाची नळी मेणचट असते, ती चिकटवण्यापेक्षा ओवलेली बरी. जिप्सीच्या, म्हणजे बारीक पांढऱ्या फुलांच्या, काड्या टोक गोंदात बुडवून फटीत खोचल्या की छान बसतात.

मोगऱ्याबद्दल माझं मत पक्कं आहे: मोगरा चिकटवू नये. सकाळी मिळतात त्या मिटलेल्या कळ्या. संध्याकाळी त्या उमलायला लागल्या की एकमेकींना ढकलतात आणि गच्च बसवलेली ओळ आपोआप सुटत जाते. वसईकडचा मोगरा असो की कुठलाही, त्याचा गजरा करा, सर करा आणि चिकटवलेल्या फुलांच्या मधे बांधून टाका. अबोलीही तशीच, पाकळी इतकी नाजूक की गोंदाच्या वजनानेच सुरकुतते. गोव्यात ती दोऱ्यात गुंफतात ते उगाच नाही.

चीक येणारी फुलं दागिन्यात घेऊ नका. पांढऱ्या चाफ्याचा चीक गोंदाला धरू देत नाही, एवढाच त्याचा त्रास. रुई आणि कण्हेर मात्र विषारी आहेत आणि मुकुटातलं फूल डोळ्यांच्या अगदी जवळ असतं. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. इथे "थोडंसं चालेल" असं काही नसतं.

पट्टा

पुठ्ठ्याऐवजी शिंप्याकडे कॉलरसाठी मिळतं ते कडक बकरम घ्या. आकार तसाच कापता येतो आणि ते पुठ्ठ्यासारखं थराथराने सुटत नाही. त्यावर फेल्टचा तुकडा, फेल्टवर फुलं. फेल्टच्या लवेत गोंद रुततो, पंक्चरवाल्याच्या कानशीचं काम ती लव करते. सॅटिनची रिबन वापरायची तर तिची मंद, उलटी बाजू वर घ्या. सोनेरी लेसवर थेट चिकटवू नका, लेस कडेला शिवा. धातूची बांगडी किंवा केसांचा चाप स्पिरिटने पुसून सुती फितीने गुंडाळा आणि गोंद फितीवर लावा.

दागिन्याच्या पाठीमागे दुसरा फेल्ट शिवला की उघडा गोंद अंगाला लागत नाही. त्वचेवर थेट गोंद कधीही लावायचा नाही, कितीही छोटी टिकली असली तरी.

आणि वजन. कानातलं हलकं हवं, एकच बटण गुलाब आणि चार जिप्सीच्या काड्या. कमरपट्ट्याची आणि बाजूबंदाची फुलं मी आता गोंदाने बसवते आणि वर प्रत्येक फुलाच्या देठाला दोऱ्याचा एक टाका घालते. आपल्या आज्या वाडी दोऱ्यावरच भरायच्या, संक्रांतीचे हलव्याचे दागिनेही दोऱ्यानेच होतात. गोंद फुलाचं तोंड हवं तिकडे वळवून धरतो, भार मात्र दोऱ्याने घ्यावा.

हळदीला फुलं पडतात ते वेगळं

हळदीचे दागिने करणाऱ्यांनी हे खास लक्षात घ्या. फुलं पहिला अर्धा तास नीट असतात आणि हळद लागायला सुरुवात झाली की बांगड्या आणि हातफुलं मऊ होऊन सुटतात. कारण हळदीतलं तेल. रबरी गोंदाला तेल लागलं की तो ढिला पडतो. बोटांना चिकटलेला गोंद आपण खोबरेल तेल चोळून काढतो, तेच इथे नकळत घडतं. नवरीच्या हातांना, गालांना हळद लागणारच, पाच जणी आंब्याच्या पानाने लावोत की मैत्रिणी हातांनी फासोत. तेव्हा हळदीला बांगड्या आणि हातफूल पूर्ण ओवलेलं द्या. चिकटवलेलं काम फक्त कपाळाच्या वर आणि कानात ठेवा. काम करताना तुमच्या बोटांनाही तेल नको. गोंद काढायला तेल चोळलं असेल तर साबणाने हात धुऊन, पुसूनच पुढच्या फुलाला हात लावा.

तपकिरी डाग

फूल पडत नाही पण मागून करपतं, अशी तक्रार असेल तर बहुतेक वेळा ग्लू गन वापरलेली असते. गरम गोंदाने पाकळी शिजते आणि दोन तासांत डाग पुढे दिसतो. सांगाडा जोडायला ग्लू गन जरूर वापरा, फुलाला नको. सुतारकामाचा पांढरा गोंद पाण्यातलाच असतो, ओल्या फुलावर तो वाळतच नाही. क्षणात चिकटणारा गोंद ओलाव्याने पटकन धरतो खरा, पण कडक होऊन तडकतो आणि पाकळीवर पांढरी राख धरल्यासारखं दिसतं. सुती कापडावर तो जास्त सांडला तर चटका बसण्याइतका तापतो, म्हणून अंगावर घालायच्या वस्तूत तो नकोच. चपलांचा पिवळा गोंद आपल्या गोंदाचा भाऊबंद वाटला तरी त्यातला द्रव पाकळ्यांना सोसत नाही आणि वास दिवसभर जात नाही.

वासावरून आठवलं. फ्लोरल ॲडहेसिव्हलाही ओला असताना वास असतो आणि त्यातून निघणारी वाफ पेट घेऊ शकते. खिडक्या उघड्या ठेवा, जवळ समई, उदबत्ती, गॅस नको. डोहाळजेवणाची वाडी आदल्या संध्याकाळीच संपवा. अंगावर चढवण्याआधी नाकाजवळ धरून वास गेल्याची खात्री करा, गरोदर बाईला त्या वासाने मळमळू शकतं.

समारंभात फूल पडलंच तर

पिशवीत ट्यूब, टूथपिक, टिश्यू, सुई-दोरा आणि कोरड्या डब्यात प्रत्येक जातीची चार-पाच जास्तीची फुलं ठेवा. दागिना अंगावर असताना ट्यूब उघडू नका. उतरवता येत असेल तर बाजूच्या खोलीत न्या. पट्ट्यावरची जुनी चकती पारदर्शक असेल तर तिच्यावरच नवा पातळ ठिपका चालतो, दुधाळ असेल तर नखाने सोलून काढा. नवं फूल टिपून कोरडं करा, दोन्हीकडे गोंद लावा, बोट लावून बघा, मग दाबा. पाच मिनिटांत दागिना परत जातो, त्यातली तीन मिनिटं नुसती थांबण्यात जातात.

उतरवता येत नसेल, ओटी सुरू झाली असेल, तर गोंदाच्या वाटेलाच जाऊ नका. फुलाच्या देठाला दोऱ्याचा फास घाला, शेजारच्या दोन फुलांच्या देठांमधून दोरा काढून मागे गाठ मारा. सुई लागत नाही, बसलेल्या बाईला हलावं लागत नाही. माझ्या धाकट्या भाचीच्या वेळी बाजूबंदाचं एक गुलाब असंच बांधलं. गाठ मारून होईपर्यंत ती जावेशी बोलत होती, तिला कळलंही नाही.